आधी काय, की सोबत काय? : शहापुरातून तारा भवाळकर वाचताना

५ नोव्हेंबर आला की फोनवर रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा सुरू होतात. पडदा, मुखवटे, नटराजाची मूर्ती आणि खाली ठरलेली ओळ : १८४३ साली याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केलं आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला. आपण मेसेज पुढे पाठवतो आणि विसरतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात साधारण याच दिवसांत मंडईचा हंगाम सुरू होतो. दिवाळी झाली, हलका धान कापून झाला की एकेका गावाची मंडई ठरते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे येतात, बाजार भरतो. दुपारी दंडार असते आणि रात्री नाटक. दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. रंगभूमी दिनाचा मेसेज पाठवणाऱ्या आमच्यापैकी कुणालाच या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं वाटत नाही. तिकडे ‘रंगभूमी’ आहे. इकडे आहे ती ‘मंडईतली मजा’.

हा फरक कोणी केला? नाटक कुठून सुरू झालं हे कोण ठरवतं? आणि ते ठरल्यावर कोणत्या गावाच्या वाट्याला इतिहास येतो, कोणत्या गावाच्या वाट्याला नुसती करमणूक? हे प्रश्न माझ्या डोक्यात नीट उभे राहिले ते डॉ. तारा भवाळकर वाचताना. हा लेख त्यांच्या अभ्यासकीय वाटचालीबद्दल आहे, आणि ती वाट आमच्या बाजूला येता येता जिथे थांबते त्या जागेबद्दलही आहे.

अध्यक्षपदाच्या बातमीत न आलेलं

दिल्लीत फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. ताराबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष आणि अरुणा ढेरे यांच्यानंतरच्या त्या सहाव्या महिला अध्यक्ष. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावरचं ते पहिलं संमेलन, त्यामुळे बातम्या भरपूर झाल्या. जवळपास प्रत्येक बातमीत त्यांची ओळख एकच होती : लोकसाहित्याच्या आणि लोकसंस्कृतीच्या ज्येष्ठ अभ्यासक.

ओळख खरी आहे, पण अर्धी आहे. ताराबाईंच्या संशोधनाचा कणा नाटक आहे. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध मराठी पौराणिक नाटकाच्या जडणघडणीवर आहे, आरंभापासून १९२० पर्यंतच्या. ‘यक्षगान आणि मराठी नाट्यपरंपरा’, ‘मिथक आणि नाटक’, ‘लोकनागर रंगभूमी’, ‘मराठी नाट्यपरंपरा : शोध आणि आस्वाद’ ही पुस्तकांची नावंच पाहा. जात्यावरच्या ओव्या, देवीची गाणी, बायकांच्या कहाण्या यांवरचं त्यांचं लेखन जास्त वाचलं गेलं आणि नाटकावरचं मागे पडलं. नाटकावरचा अभ्यास म्हणजे नाट्यसमीक्षकाचं काम, लोकसाहित्य म्हणजे वेगळा कप्पा, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे. ताराबाईंनी आयुष्यभर काय केलं असेल, तर या दोन कप्प्यांमधली भिंत खरवडली.

त्यांची वाटचाल पाहिली तर हे कसं घडलं ते कळतं. १९३९ साली पुण्यात जन्म. आधी शाळेत शिकवणं, नोकरी करत पुढचं शिक्षण, मग सांगलीच्या चंपाबेन शाह महिला महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापक. तिथून त्या १९९९ मध्ये निवृत्त झाल्या. यात कुठेही नाट्यशास्त्राचा विभाग नाही. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय नाही, मोठ्या शहरातलं विद्यापीठ नाही. आहे ते जिल्ह्याच्या गावातलं मुलींचं कॉलेज आणि मराठीचे तास.

आपल्याकडे नाटकाशी जोडलेल्या अभ्यासकीय कारकिर्दीचं एक ओळखीचं चित्र आहे. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. त्यांनी नट आणि दिग्दर्शकांच्या पिढ्या घडवल्या. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकले, वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केली आणि १९९६ ते २००९ पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. हे रंगकर्मी होते आणि त्यांनी रंगकर्मी घडवले. ताराबाईंचा प्रश्न वेगळा आहे. नाटक कसं करावं, यापेक्षा प्रेक्षक नाटकाला येताना आधीपासून काय घेऊन येतो, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. या प्रश्नासाठी रंगमंच लागत नाही, लोक लागतात. ते सांगलीत होते, तसे ते शहापुरातही आहेत.

‘अलल्डुर्र’ची बाजू

१८४३ ची गोष्ट थोडी उलगडून पाहू. कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली आणि तिने खेळ केले. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना ते आवडले. असंच काही मराठीत करून दाखव, असं त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं. भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. सूत्रधार पदं म्हणायचा, सुरुवातीला गणपती यायचा, सरस्वती यायची, विदूषक लोकांना हसवायचा. संवाद लिहिलेले नसत, पात्रं प्रसंग ओळखून आपापलं बोलत. राक्षस आरडाओरड करत येत, आणि त्या आरोळीवरूनच पुढच्या सुशिक्षित मंडळींनी या नाटकांना ‘अलल्डुर्र’ म्हणून नाकं मुरडली.

इतिहासाची पुस्तकं ही गोष्ट सांगतात तेव्हा दोन गोष्टी एकदम करतात. १८४३ ला जन्माची तारीख म्हणतात, आणि त्या बाळाला ओबडधोबड ठरवून ३१ ऑक्टोबर १८८० ची वाट पाहतात. त्या दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं आणि ‘खरं’ नाटक सुरू झालं. म्हणजे जन्माचा मान सांगलीला आणि शहाणपणाचा मान पुण्याला.

ताराबाई राहतात त्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. त्या गावात बसून जन्माच्या गोष्टीला धक्का लावणं सोपं नसावं. त्यांनी तो वाद घालून लावला नाही, एक साधा प्रश्न विचारून लावला : १८४३ च्या त्या रात्री सांगलीच्या लोकांना हे सगळं कळलं कसं? गणपती का येतो, विदूषक कोण, गाणारा गातो तेव्हा नाचणारा काय करतो, राक्षस ओरडत का येतो, हे कुणीच त्यांना शिकवलं नव्हतं. ते त्यांना येत होतं. कीर्तनातून, लळितातून, गोंधळातून, दशावतारातून, शेजारच्या यक्षगानातून. भाव्यांनी नाटक शून्यातून काढलं नाही. लोकांकडे जे होतं, ते त्यांनी एका नव्या जागी मांडलं.

यक्षगानाशी नातं मांडल्यावर मराठी नाटकाचा नकाशा एकदम दक्षिणेकडे पसरतो. तंजावरचे शाहजी राजे भोसले यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केलं. त्यांच्या दरबारात मराठीतून नाटकं रचली गेली, तीही कानडी, तेलुगू, तमिळ परंपरांच्या संगतीत. भाव्यांच्या कितीतरी आधी. मराठी नाटक अनेक भाषांच्या सीमेवर वाढलेलं आहे, हे यातून दिसतं. आज भाषेच्या अभिमानाचे मेसेज फिरतात तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

‘पौराणिक’ या शब्दाकडेही त्या दृष्टीने पाहता येतं. आज पौराणिक नाटक म्हटलं की आपल्याला मुकुट, गदा आणि टीव्हीवरची मालिका आठवते. पण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली आलं, तेव्हा प्रेक्षकांनी सैरंध्रीत देश पाहिला आणि कीचकात लॉर्ड कर्झन. इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. कीचक कोण, हे प्रेक्षकाला लहानपणापासून ठाऊक होतं म्हणून एकही नाव न घेता सगळं सांगता आलं. मिथक म्हणजे जुनाट गोष्ट नव्हे, ती लोकांची आधीच पाठ असलेली भाषा आहे. नाटककार त्या भाषेत नवं वाक्य बोलतो. ‘मिथक आणि नाटक’ या जोडीतलं खरं मर्म मला इथे दिसतं.

दोन कारकिर्दी नाहीत, एकच आहे

आता त्या दुसऱ्या कप्प्याकडे येऊ. ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ किंवा २०२३ मध्ये आलेलं ‘सीतायन’ वाचणाऱ्याला वाटतं की इथे नाटकाचा काय संबंध. मला तिथेच जास्त संबंध दिसतो.

‘सीतास्वयंवर’मध्ये सीता होती, पण ती भूमिका करणारी बाई नव्हती. पुढे कितीतरी दशकं मराठी रंगमंचावर सीता, द्रौपदी, शकुंतला, रुक्मिणी या सगळ्या पुरुषांनी केल्या आणि त्यांचं कौतुकही पुरुषांनी लिहिलं. मग त्याच काळात बायका सीतेबद्दल काय म्हणत होत्या? त्या जात्यावर बसून म्हणत होत्या. ओवीतल्या सीतेचा वनवास बायका आपल्या वनवासाशेजारी ठेवतात, आणि ज्याने तिला टाकलं त्याला जाब विचारायला कचरत नाहीत. नाटकातली सीता आणि जात्यावरची सीता एकाच काळात, कधी एकाच घरात होत्या. घरातला पुरुष रात्री नाटक पाहून येतो आणि पहाटे बाई दळायला बसते. एका सीतेचा इतिहास लिहिला गेला, दुसरीला ‘लोकगीत’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं. ताराबाई दुसरीकडे गेल्या. पौराणिक नाटकाचा अभ्यास केलेली बाई ओवीकडे वळली, यात विषयांतर नाही. अर्ध्या प्रेक्षकाचं म्हणणं ऐकायचं राहिलं होतं, ते तिने ऐकलं.

इथे मला एका परक्या अभ्यासकाची आठवण होते. यान कोट हा पोलंडचा नाट्यसमीक्षक. त्याने दुसरं महायुद्ध पाहिलं, नाझींचा ताबा पाहिला, नंतरची स्टालिनशाही पाहिली. मग त्याने शेक्सपिअर वाचला आणि त्याला त्या राजांच्या नाटकांत सत्तेचा जिना दिसला, ज्यावर एक चढतो आणि दुसरा ढकलला जातो. शेक्सपिअर आपला समकालीन आहे असं सांगणारं त्याचं पुस्तक १९६४ मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभरच्या दिग्दर्शकांनी ते वाचलं. कोटचं बळ वॉर्सा शहरात जे भोगलं ते वाचनात आणण्यात होतं, ग्रंथालय किती मोठं याने त्यात फरक पडला नाही. ताराबाईंचं बळही तसंच आहे. फरक एवढाच की कोटने राजाकडे पाहिलं आणि ताराबाईंनी राजाने टाकलेल्या राणीकडे, आणि तिच्यावर ओवी रचणाऱ्या बाईकडे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळं त्या ज्या भाषेत लिहितात, ती वर्गात शिकवणाऱ्या बाईची भाषा आहे. वाक्य सरळ, उदाहरण ओळखीचं. नाट्यसमीक्षेतली परिभाषा पाहून पळून जावंसं वाटतं, तसं इथे होत नाही. संशोधन अवघड भाषेत लिहिलं तरच ते संशोधन ठरतं, असं मानणाऱ्या आपल्या विद्यापीठांना हा छोटासा धडा आहे.

नकाशा इथे संपतो

आता तक्रारीकडे. ती आदरानेच करतो आहे.

पहिली तक्रार नकाशाची. ताराबाईंच्या नाट्यविचाराचा भार सांगली, कर्नाटक, तंजावर, कोकण या पट्ट्यावर आहे. ते स्वाभाविक आहे. त्या तिथे राहिल्या, तिथले खेळ त्यांनी पाहिले. पण तो नकाशा घेऊन मी शहापुरात उभा राहतो तेव्हा मला दिशा लागत नाही. आमचं गाव नागपूर-भंडारा महामार्गावर आहे. एका बाजूला तासाभरावर नागपूर, दुसऱ्या बाजूला वैनगंगा ओलांडली की लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पुढे वडसा. म्हणजे आम्ही झाडीपट्टीच्या उंबरठ्यावर. या उंबरठ्यापलीकडे दंडार आहे, खडी गंमत आहे, आणि महाराष्ट्रात दुसरीकडे कुठेही नसेल असा रात्रभराच्या नाटकांचा व्यवसाय आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र. तिथे नाटक मंडळांची कार्यालयं आहेत, हंगामाच्या आधी गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवून जातात. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची आहे, कारण ती पद्धतीची आहे. ताराबाईंचा मूळ प्रश्न ‘आधी काय होतं?’ असा आहे. १८४३ च्या आधी काय, भाव्यांच्या आधी काय, छापील नाटकाच्या आधी काय. हा प्रश्न मोलाचा आहे. पण त्यात एक अडचण आहे. तुम्ही १८४३ च्या मागे गेलात तरी मोजपट्टी १८४३ चीच राहते. लोकपरंपरा ‘आधीची’ होते आणि शहरी नाटक ‘नंतरचं’. ‘लोकनागर’ हा त्यांचा शब्द या दोहोंना जोडतो, आणि तो फार चांगला शब्द आहे. तरी वाचणाऱ्याच्या मनात एक रेघ उरतेच : लोककडून नागरकडे, खेळातून नाटकाकडे, गावातून शहराकडे.

झाडीपट्टीत ही रेघ चालत नाही. मंडईच्या एका दिवसाकडे पाहा. दुपारी दंडार. पुरुषच बायकांची सोंगं घेतात, रांगेत नाचतात, मध्येच रामायण-महाभारतातला प्रसंग उभा करतात, मध्येच कालच्या ग्रामपंचायतीतला विनोद घुसवतात. मग रात्री त्याच गावात, धान निघालेल्या बांधीत, तंबूमध्ये नाटक. तिकीट लावलेलं. रंगवलेले पडदे, माइक, ऑर्गन, प्रॉम्प्टर. नट्या नागपूरहून, कधी मुंबई-पुण्याहून आलेल्या. विषय हुंड्याचा, दारूचा, शेतकऱ्याच्या कर्जाचा, भावाभावांच्या वाटणीचा. दुपारी दंडारीत नाचलेला गडी रात्री तिकीट काढून पुढच्या रांगेत बसतो.

आता सांगा, यात ‘आधीचं’ कोणतं आणि ‘नंतरचं’ कोणतं? दंडार जुनी असेल, पण ती आज दुपारी झाली. नाटक नवं असेल, पण ते दंडारीच्या जागी आलेलं नाही, तिच्या शेजारी आलं आहे. लोक आणि नागर इथे एकामागोमाग उभे नाहीत, एकाच दिवसाच्या दोन प्रहरांत राहतात. म्हणून आमच्या बाजूचा प्रश्न ‘आधी काय होतं?’ असा असू शकत नाही. तो ‘सोबत काय आहे?’ असा असायला हवा.

आणि हा प्रश्न एकदा हाती आला की बाकीच्या गोष्टीही वेगळ्या दिसू लागतात. दंडार आणि शेजारच्या तेलंगणातल्या गोंडांची दिवाळीतली दंडारी, ही नावं एवढी जवळची आहेत. मराठी नाटकाचं कानडी-तमिळ शेजार ताराबाईंनी दाखवलं. मग मराठी नाटकाचं गोंडी शेजार कोण दाखवणार? खडी गंमत विदर्भातली, तिच्यातही पुरुषच बाई होतो. तिचा एक हात शाहिरीत आहे, दुसरा तमाशात. बायकांच्या भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेरचे संवाद असतात, पात्रं असतात. तो खेळ म्हणायचा की नाटक? हे सगळे प्रश्न ताराबाईंच्याच वाटेने सुचतात. त्यांची उत्तरं त्यांच्या पुस्तकांत नाहीत म्हणून पुस्तकं लहान होत नाहीत. ज्या वाटेने जाऊन पुढचे प्रश्न सुचतात, ती वाट कामाची असते.

‘लिखित साधने अपुरी’

आमच्याकडे या प्रश्नांना हात घातला गेलाच नाही, असंही नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि झाडीपट्टीची लोकरंगभूमी यांच्यासाठी आयुष्य घातलं. बोलीचा कोश केला, दंडारीवर लिहिलं, झाडीबोलीची साहित्य संमेलनं उभी केली. ‘ण’ला ‘न’ म्हणणाऱ्या आणि ‘ळ’ला ‘र’ म्हणणाऱ्या आमच्या बोलण्याची वर्गात टिंगल व्हायची, त्यात त्यांना व्याकरण दिसलं. सांगलीत ताराबाई आणि साकोलीत बोरकर, दोघंही राजधानीपासून लांब. दोघांचा विश्वास एकाच गोष्टीवर : लोकांच्या तोंडात आहे तेही साधन आहे.

विद्यापीठांना हे अजून पुरतं पटलेलं नाही. मी दंडारीवर पीएच.डी.साठी आराखडा दिला होता. तो परत आला. शेरा एवढाच होता : विषयाला लिखित साधने अपुरी. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण हा शेरा कुठेही मिळू शकतो. मी तो बराच वेळ वाचत होतो. लिखित साधनं पुरेशी असती तर दंडारीला संशोधकाची गरजच काय होती? भाव्यांच्या नाटकातले संवादही लिहिलेले नव्हते. तरी त्यांना इतिहास मिळाला.

या शेऱ्यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती ताराबाईंच्या कारकिर्दीशी थेट जोडलेली आहे. त्यांना एका कॉलेजात कायम नोकरी होती. महिना संपला की पगार होता. अशा संशोधनाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. एखाद्या म्हाताऱ्या कलावंताकडे एकदा जाऊन भागत नाही. पहिल्या भेटीत तो ‘आता काय राह्यलं गा त्यात’ म्हणतो. दुसऱ्या भेटीत चहा पाजतो. चौथ्या-पाचव्या भेटीत पदं आठवू लागतात. आज माझ्यासारखे कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवतात. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही उशिरा. सुट्टीत काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. मंडईच्या दिवसांत मला चार तालुक्यांत फिरायचं असतं, तेव्हा मी चार तास बुडाले तर किती कापले जातील याचा हिशेब करत असतो. नेट-सेट झाली तरी जागा निघत नाहीत. ताराबाईंसारखी कारकीर्द पुन्हा घडावी असं आपण सत्काराच्या भाषणांत म्हणतो. तशी कारकीर्द उभी राहण्यासाठी जिल्ह्याच्या कॉलेजात मराठीची कायम जागा असावी लागते, हे त्या भाषणांत कुणी म्हणत नाही.

मधल्या काळात साधनं जात आहेत. पदांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. कुणाच्या कॅसेट पुसल्या गेल्या. ज्यांना आख्ख्या रात्रीचा प्रसंग तोंडपाठ आहे ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत.

फोनवाल्यांसाठी

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण फोनवर वाचत असतील. झाडीपट्टीची नाटकं आता यूट्यूबवर दिसतात. दंडारीचे तुकडे रीलमध्ये येतात, खाली हसण्याचे इमोजी असतात. रेकॉर्डिंगची सोय ताराबाईंच्या उमेदीच्या काळात कुणाच्या खिशात नव्हती, ती आपल्या खिशात आहे. पण रेकॉर्ड केलं म्हणजे अभ्यास झाला असं नाही. ज्या व्हिडिओत गावाचं नाव नाही, तारीख नाही, गाणाऱ्याचं नाव नाही, त्याला विचारून घेतल्याची नोंद नाही, तो व्हिडिओ दोन वर्षांनी कुणाच्याच कामाचा राहत नाही. एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवल्या तर तेच साधन होतं.

आणि ताराबाईंकडून घ्यायची गोष्ट त्याहून मोठी आहे. त्यांनी केलं ते जपणूक म्हणून नाही. लोककला मरते आहे, वाचवा, असा गळा काढणं सोपं असतं. त्यांनी विचारलं की हे पाहणाऱ्याला काय कळत होतं, गाणारीला काय म्हणायचं होतं, आणि इतिहास लिहिणाऱ्याने ते का ऐकलं नाही. प्रश्न असेल तर ओवीसुद्धा बोलते. प्रश्न नसेल तर शंभर तासांचं रेकॉर्डिंगही मुकं राहतं.

पुढच्या फेरीसाठी मी नवा आराखडा लिहिला आहे. त्यात दंडारीचा उगम शोधायचा नाही. एक गाव, एक मंडई, दुपारची दंडार आणि रात्रीचं नाटक, आणि दोन्ही पाहणारे लोक. दुपारी कशाला हसले, रात्री कशाला रडले. बायका कुठे बसल्या, कुठून पाहत होत्या, घरी जाऊन काय बोलल्या. साधनांच्या रकान्यात मी गावाचं नाव लिहिलं आहे आणि पुढे ‘सुमारे दोन हजार प्रेक्षक’. लिखित साधनं म्हणून पहिल्या ओळीत ताराबाईंची पुस्तकं आहेत. हाही आराखडा परत आला तर शेरा काय असेल ते पाहू. मंडई त्यासाठी थांबणार नाही, आणि या वेळी मीही थांबणार नाही.